पूर गेल्यावर उभी राहिलेली भिंत

घर फेरणाऱ्या माणसाजवळ किस्से साचतात, कारण तो लोकांच्या डोक्यावर बसलेला असतो. पावसाळा लागायच्या आधी आम्ही छपरावर चढायचो, कवेलू म्हणजे कौलं उतरवायचो, फुटके बाजूला टाकायचो, चांगले पुन्हा रचायचो. कवेलू निघाला की खाली अख्खा संसार उघडा. कोणाच्या फडताळात काय आहे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या चुलीवर आज काहीच चढलं नाही, सगळं वरून दिसते. माणूस दार लावून घेतो, पण छपराकडे त्याचं लक्ष नसते.

आमची टोळी तिघांची. मी, सीताराम आणि दसरू. सीताराम बोलायचा, दसरू काम करायचा आणि मी दोघांवर ओरडायचो.

गाव आमचं गाढवी नदीच्या काठावर. ती कुरखेड्याकडून येते आणि पुढं वैनगंगेला मिळते. वैनगंगा फुगली की गाढवीला आत घेत नाही. मग गाढवी मागं फिरते आणि आमच्याकडं येते. दरवर्षी अंगणात येऊन परत जायची. त्या वर्षी घरात शिरली आणि मुक्कामाला राहिली. सारं गाव शाळेच्या टेकाडावर जाऊन बसलं, गाईगुरांसकट.

पुरातून निघालेल्या घराचं काय करावं, हे मला पुष्कळ लोक विचारतात. विचारतात आणि करत नाहीत. तरी सांगतो. मातीची भिंत पाण्यात पडत नाही. पाणी दोन्हीकडून तिला धरून ठेवते. पाणी गेलं आणि वरून कडक ऊन पडलं की ती पडते. बुडाशी ओली, वर वाळलेली आणि डोक्यावर कवेलूचं ओझं, मग काय होणार? म्हणून घरात शिरायचं नाही. आधी बाहेरून कवेलू उतरवायचे, भिंतीला लाकडाच्या बल्ल्यांचा टेका द्यायचा, आणि मग सामानाची आठवण काढायची. एवढंच आहे. याला काही डोकं लागत नाही.

पण एवढंच मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या गळी उतरवू शकलो नाही.

०

बहिणीचं नाव बायजा. माझ्याहून मोठी. मी तिला बाई म्हणायचो आणि ती मला जे तोंडात येईल ते म्हणायची. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा आलापल्लीकडं जंगलाच्या कामावर, आणि पुरानं सगळ्या वाटा तोडलेल्या. घरी फक्त सून, शेवंता, भरल्या दिवसांची.

पाणी उतरत होतं तेव्हाच टेकाडावर शेवंताच्या पोटात दुखू लागलं. बायजा म्हणाली, चार गावच्या लोकांत, गुरांच्या शेणात, माझ्या घरचं पोर जन्मणार नाही. आम्ही नको नको म्हणत असताना तिनं सुनेला चिखलातून चालवत घरी नेलं. पोरगा झाला, चांगला धडधाकट. त्याची नाळ खोलीच्या कोपऱ्यात पुरली. बाज टाकली, बाजेखाली शेगडी पेटवली. म्हणजे बाहेरून ऊन भिंत वाळवते आणि आतून शेगडी!

आळीतली घरं सगळी बसली होती. बायजाचं एकटं सरळ उभं. तिला त्याचा गर्व झाला. जो येईल त्याला दाखवायची.

मी गेलो आणि भिंतीच्या बुडाशी अंगठा दाबला. शिळ्या भाकरीला पाणी लागावं तशी माती, अंगठा आत गेला. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर होती. मी म्हटलं, बाई, आजच्या आज निघा.

"पाचवी झाल्याबिगर नाई," ती म्हणाली.

पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे मलाही माहीत आहे. बायजाचं म्हणणं असं की नाळ इथं, बाज इथं, शेगडी इथं. सटवाई याच खोलीत येणार. आली आणि पोर दिसलं नाही, तर कपाळ कोरं ठेवून जाईल.

"मंग त्याचं नशीब कोन लिहीन? तू?"

मी शाळा दुसरीतून सोडलेला.

०

बायजा सोडली तर टेकाडावरून सगळ्यात आधी घरी पळाला तो गोविंदा. निघताना त्यानं दाराला कुलूप लावलं होतं आणि किल्ली पाण्यात पडली होती. आम्ही पोचलो तर त्याच्या घराच्या चारी भिंती बसलेल्या. चौकट तेवढी उभी, तिच्यात दार, दाराला कुलूप. आणि गोविंदा कुलपासमोर.

सीताराम बाजूनं गेला, मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, या भाऊ, या, लाजू नका. गोविंदा हलला नाही.

"माह्या घरात मी चोरावानी काऊन शिरू?"

बायको रडत होती, ये म्हणत होती. तिनं ढिगावरून जाऊन चुलीजवळची भांडी उकरायला सुरुवातसुद्धा केली होती. गोविंदानं दगड आणला, ठोकून ठोकून कुलूप तोडलं, दार उघडलं, उंबरठ्याला हात लावून पाया पडला आणि आत गेला. आत म्हणजे उन्हात. तिथं त्यानं चहूकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग मागं वळला आणि दार लोटून घेतलं.

०

आपला कारभार तेव्हा अजून मध्यप्रदेशातून चालायचा. म्हणून डोंग्यात बसून नुकसान पाहायला जो ओव्हरसियर आला तो हिंदी बोलणारा. पोरसवदा, डोक्यावर हॅट, गुडघ्यापर्यंत चिखल. टेकाडावर उभा राहून त्यानं सगळ्यांना ऑर्डर दिली, "जिसका घर गिर गया, वो जाकर बैठ सकता है। जिसका खड़ा है, वो अंदर पैर न रखे।"

लोक हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. सीतारामनं हात वर केला. "साहेब, म्हंजे पडला तो पास अन् उभा तो नापास?"

साहेब हसला नाही. मीही हसलो नाही, कारण साहेब बरोबर बोलला होता. मी त्याला बायजाच्या घरी घेऊन गेलो. म्हटलं, आपलं ऐकत नाही, हॅटचं ऐकेल. त्यानं काठीनं भिंत ठोकली, चीर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. दाराशी वाकून म्हणाला, "माई, बाहर आ जाओ।"

बायजा आतून मला म्हणाली, "त्याले सांग, बाळंतिनीच्या खोलीत परक्या मानसानं डोकावू नोये."

मी सांगायची गरज पडली नाही. साहेब दोन पावलं मागं सरला आणि त्यानं डोक्यावरची हॅट काढली. डोंग्यात बसताना मला म्हणाला, रस्सीनं बांधा आणि ओढून काढा.

मी विचारलं, साहेब, तुम्हाला मोठी बहीण आहे का?

"है," तो म्हणाला. मग त्यानं डोंगा लोटायला सांगितला.

०

लटारूचा किस्सा सीताराम हसत सांगायचा. मला त्यात हसू येत नाही.

टेकाडावर सगळ्यांचं जेवण एकत्र शिजायचं. ज्याच्याजवळ जे वाचलं ते त्यानं आणून टाकायचं. लटारू म्हणाला, माझं सारं धान गेलं, एक दाणा नाही. लोकांनी त्याला आधी वाढलं. खरं असं की त्याच्या आतल्या खोलीत मातीची कोठी होती, दिवाळीपर्यंतच्या धानानं भरलेली. कोठी ओली झाली होती, पण उभी होती. पाणी गेलं त्याच दिवशी धान काढून अंगणात पसरलं असतं तर अर्धंतरी हाती लागलं असतं. भिजलेलं धान कोंडून ठेवलं की ते आतल्या आत तापते, फुगते आणि कोठी फोडते. पण पसरायचं कसं? गावाला दिसेल ना! नाही म्हणून बसला होता.

त्याचे कवेलू उतरवायला आम्ही चढलो. एक रांग काढली आणि असा वास वर आला की दसरूनं नाकाला फडकं बांधलं. मी वाकून पाहिलं. कोठीला भेगा पडल्या होत्या आणि भेगाभेगांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. लटारूची बायको खाली बसून कोंबांतून दाणे निवडत होती. वर पाहत नव्हती.

सीताराम ओरडला, "लटारूभाऊ, यंदा रोवणीचे पऱ्हे घरातच टाकले काय गा?"

लटारू अंगणातून म्हणाला, "खाली पाहू नोको. कवेलू पाह्य."

०

दसरू आमच्या गावचा नव्हता. तो वरच्या जंगलातल्या गोंडांच्या गावचा. पूर ओसरल्यावर पहिल्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला कामावर हजर. खांद्यावर कुऱ्हाड, बाकी हात रिकामे.

सीतारामनं विचारलं, "घर कसं हाये?"

"नाई."

"नाई म्हंजे?"

"घर नाई."

आणि भिंतीला टेका द्यायच्या बल्ल्या तासू लागला. मग हळूहळू कळलं. नाल्यानं त्यांची अर्धी वस्ती नेली होती. पण माणसं सगळी शाबूत. बांबू तोडायला लोक सकाळीच गेले होते, कूड विणायचं, माती लिंपायची, वर गवत, झालं घर. मी म्हटलं, तुझं बरं आहे. तो म्हणाला, "तुमचं घर तुमच्यावर पडते. आमचं पडलं तं आमी त्याच्यावर बसतो."

सीताराम हसून लोळला. मी विचारलं, मग काहीच गेलं नाही म्हण तुझं.

त्यानं बल्ली तासायची थांबवली. कुत्रा गेला, म्हणाला. घर राखायला म्हणून खांबाला बांधून ठेवला होता.

म्हणून जे लोक विचारतात त्यांना हेही सांगतो. निघताना जनावर सोडून द्या. दावणीला राखण ठेवून जाऊ नका.

त्या दिवशी दुपारी बायजाकडं जाताना दसरू माझ्यासोबत आला. त्यानं भिंत पाहिली, चीर पाहिली. आता चिरीत माझा पंजा जात होता. त्यानं बायजाच्या अंगणात, भिंतीपासून लांब, चिंचेखाली चार खांब रोवले आणि कूड विणायला बसला. बायजा दारात येऊन विचारू लागली, हे काय करून राह्यला?

"खोली," दसरू म्हणाला.

०

पांडू कोष्ट्यानं मात्र आमचा घात केला. मुद्दाम नाही केला.

कोष्ट्याच्या मागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. पांडूच्या खड्ड्यात गाढवीचं पाणी साचलं होतं. मी त्याला बजावलं होतं की आत जायचं नाही. तो हो म्हणाला आणि ऊन चढल्यावर लोटा घेऊन खड्ड्यात उतरला, पाणी उपसायला. भिंत बसली ती सरळ मागावर. माग मोडला, पण त्याचं लाकूड खड्ड्यावर आडवं पडलं आणि खाली पांडू बेडकासारखा बसून राहिला.

आम्ही माती काढली. आधी हात दिसला, मग डोकं. डोळे मिचकावले. मी म्हटलं, जिवंत आहेस का रे? तो मला म्हणाला, "ताना तुटला काय?"

मागावर चढवलेल्या सुताला ताना म्हणतात. त्याचा धागासुद्धा शिल्लक नव्हता. सीताराम म्हणाला, नाही तुटला भाऊ, चांगला आहे. पांडूनं डोकं मागं टेकवलं आणि त्याला बाहेर काढेपर्यंत समाधानानं पडून राहिला. बाहेर आल्यावर त्यानं पाहिलं आणि सीतारामच्या थोबाडीत मारली.

ही गोष्ट गावभर झाली. बायजापर्यंत पोचली. मी दारात गेल्याबरोबर म्हणाली, "पाह्य. पांडूवर भित पडली, त्याले खरचटलंबी नाई. ज्याले वाचवाचं त्याले देव वाचवते."

मी म्हटलं, बाई, त्याला खड्ड्यानं वाचवलं.

"मंग तो खड्डा तिथी कोनं ठेवला?"

०

पाचवीच्या आदल्या दिवशी ऊन असं पडलं की चिखलाच्या पापड्या उलटल्या. दसरूचा मांडव तयार झाला होता. वर पळसाची पानं, आत कोरडी माती टाकून ठोकलेली. शेवंता बाजेवरून चिरीकडं पाहत होती. भिंतीची माती तिच्या पांघरुणावर पडत होती. ती सासूसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी मला म्हणाली, "मामाजी, भित रात्रभर आवाज करते."

मी बायजाला तोंडाला येईल ते बोललो. काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. शेवटी तिनं सुनेकडं पाहिलं आणि म्हणाली, "माय-लेकरू ने मांडवात. पन बाज रिकामी राह्यनार नाई."

आम्ही शेवंताला आणि पोराला मांडवात नेलं. वळून पाहतो तर बायजानं शेगडीत नवे कोळसे टाकले होते आणि बाजेवर चढून बसली होती. पाट्यावरचा वरवंटा तिनं धुऊन घेतला, पोराच्या दुपट्यात गुंडाळला, वरून त्याचंच टोपडं बांधलं. काजळाचा टिक्का लावला. आणि कुशीत घेऊन भिंतीकडं पाठ करून आडवी झाली.

मी म्हटलं, हे काय चाललं?

"नाळ इथी हाये. सटवाई इथीच येईन. आली म्हंजे तिले सांगाले कोनी पाहिजे का नाई, का पोरगं मांडवात हाये म्हून?"

मी म्हटलं, कवेलू तरी उतरवू दे. ती म्हणाली, "पाचवी उघड्या छपराखाली पुजू काय? जा, टेका लाव अन् तोंड बंद कर."

लोक अजूनही मला विचारतात, ओढून काऊन नाही आणली? जे विचारतात त्यांनी माझी बहीण पाहिली नाही. टेका लाव म्हणाली, हेच पुष्कळ झालं होतं. मी आणि सीताराम बल्ल्या आणायला गोविंदाकडं गेलो. जाऊन लगेच परत निघालो, घर दिसू लागलं होतं.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या भिंतीचा होत नाही. कोणी भरलेलं पोतं खाली ठेवावं तेवढाच. मग कवेलू एकेक करून घसरत राहिले आणि फुटत राहिले.

दसरू मांडवाजवळ होता, तो आधी पोचला. त्यानं फावड्याला हात लावू दिला नाही, फावडं माणसाला लागते. आम्ही तिघंही हातांनी माती काढत होतो. गोविंदा आला, पांडू लंगडत आला, लटारूही आला. शेगडी अजून गरम होती. तिच्या बाजूला बायजा मिळाली. जशी निजली होती तशीच, पाय पोटाशी, पाठीवर अख्खी भिंत. डोळे मिटलेले. दोन्ही हात पोटाजवळ घट्ट धरलेले. सीतारामनं एकेक बोट सोडवलं. टोपडं निघालेलं नव्हतं. वरवंट्याला टवकासुद्धा उडाला नव्हता.

सीताराम तो हातात घेऊन उभा राहिला. ठेवावा कुठं, हे त्याला सुचेना.

तेवढ्यात शेवंता मांडवातून बाहेर आली. बाळंतिणीनं बाहेर यायचं नसते, पण कोणी तिला अडवलं नाही. ती ढिगावरून चालत आली, सासूच्या पायाजवळ थांबली आणि सीतारामसमोर हात केले. त्यानं वरवंटा दिला.

तिनं तो घेतला. लेकरू घेतात तसा, मानेखाली हात देऊन.